कोरा फेरा

पाण्याचा ताण बसला की मोसंबीचं पान लगेच पिवळं पडत नाही. ते मधल्या शिरेवर दुमडतं, दोन्ही कडा वर येतात आणि पानाची लहानशी होडी होते. दुपारच्या उन्हात हे सगळ्याच झाडांचं होतं, त्यात काळजीचं काही नाही. ऊन उतरलं की पान पुन्हा उघडतं. बघायचं ते सकाळी. सूर्य वर येतानाही पान मिटलेलंच असेल, तर रात्रभर शोधून मुळांना काही सापडलेलं नाही.

त्या रविवारी सकाळी ताईच्या बागेत मी ज्या ज्या झाडापाशी थांबले, त्याची पानं मिटलेली होती.

"झालं का मोजून?" ताई मागून म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत चहाचे पेले होते.

"मोजत नाही. नुसती बघतेय."

"तुझं बघणं म्हणजे मोजणंच राहतं." तिनं एक पेला माझ्या हातात दिला आणि बांधावर बसली. "सांग मग. किती दिवस आहेत यांचे?"

मी चहा प्यायले. जुलै संपत आला होता. मृगाच्या दोन सरी पडल्या आणि त्यानंतर आभाळानं नुसती ये-जा लावली होती. रोज दुपारी ढग भरून यायचे, धामणवाडीवरून जायचे, आणि संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं मोकळं. त्या वर्षी जालन्याच्या त्या सगळ्या पट्ट्यात हीच गत होती.

ताईच्या दोन बागा होत्या. वरची, माळाच्या अंगाला, रंगनाथदाजींनी लावलेली. आमची आई गेली आणि ताईनं मला स्वतःच्या सासरी आणलं, त्याच वर्षीची ती लागवड. मी तेव्हा चौथीत होते. रोप आळ्यात उभं करताना दाजी मला ओळीच्या टोकाला उभं करायचे आणि ओरडून विचारायचे, "सरळ आहे का बघ, मंदे! तुझी नजर चांगली आहे." मी एक डोळा मिटून सांगायचे, "थोडं डावीकडं." आणि ते रोप खरोखर डावीकडं सरकवायचे. खालची बाग दाजी गेल्यानंतर ताईनं एकटीनं लावली. तिची झाडं नुकती फळावर येत होती.

शेततळ्यात, काळ्या प्लास्टिकच्या तळाशी, पाणी उरलं होतं. एका बागेला ते पाऊस परतेपर्यंत पुरलं असतं. दोन्हींना पुरणारं नव्हतं. तालुक्याच्या कृषी सहायकानं हेच सांगितलं होतं. शेजारच्या अंकुश गाडेकरनं, तिच्या सासऱ्यांनी आणि मीही तेच सांगितलं होतं. प्रत्येकानं सांगून झाल्यावर एकच विचारलं होतं: कोणती ठेवायची? आणि ताई दर संध्याकाळी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडत होती.

आम्ही घरापाशी आलो तेव्हा तात्या, म्हणजे ताईचे सासरे, बाजेवर उठून बसले होते. त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, तू तरी सांग हिला. दोन्हीला अर्धं अर्धं पाजून दोन्ही मारू राहिली. एक ठेव, एक सोड."

"सोडते ना, तात्या," ताई म्हणाली. "तुम्ही सांगा कोणती. वरची, का खालची?"

"मला काय विचारती? मी पिकलं पान."

"हे बरंय तुमचं. कोणती म्हणलं की तुम्ही लगेच मरायला निघता."

तात्या हसले, मग खोकले. वरची बाग त्यांच्या मुलाची होती. खालची हिशेबाला बरोबर होती. कोवळी झाडं, पुढची पंधरा-वीस वर्षं फळ देणारी. हे तिघांनाही ठाऊक होतं.

मी निघताना ताई फाटकापर्यंत आली. "मंदे, तूच टाक ना चिठ्ठी," ती म्हणाली. "तुमच्याकडं तशीच पद्धत आहे ना? ढगाला चालती, तर झाडाला का नाही?"

ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

*

त्या वर्षी आमच्या संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग चालू होता. कामाची पद्धत साधी होती. रडारवर योग्य ढग दिसला की विमान त्याच्या तळाशी जायचं आणि पंखाखालच्या नळकांड्या पेटवायचं. त्यांतून मिठाचा बारीक धूर निघतो, हवा तो वर ओढून नेते आणि मिठाच्या कणांभोवती पाण्याचे थेंब मोठे होतात, निदान व्हावेत अशी अपेक्षा असते. ते खरंच होतं का, आणि झालं तर त्यानं जमिनीवर पडणारा पाऊस वाढतो का, हे कुणाला नक्की माहीत नव्हतं. ते शोधणं हाच प्रयोग होता.

म्हणून निम्मे फेरे कोरे होते. कोऱ्या फेऱ्यातही विमान उडायचं, ढगाखाली जायचं, नळकांड्या पेटायच्या, तसाच पांढरा धूर निघायचा. फक्त त्यात मीठ नसायचं. ढग निवडून झाला की संगणक चिठ्ठी काढायचा. ती फक्त मला दिसायची. मी वैमानिकाला "डावा" किंवा "उजवा" एवढंच सांगायचे. कोणत्या पंखाखाली मीठ आहे ते रोज बदलायचं, आणि तेही त्याला ठाऊक नसायचं. प्रयोगाचे प्रमुख डॉ. केळुसकर, त्यांनाही नाही. हंगाम संपेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही, हा नियम त्यांनीच केला होता.

रडारभोवती प्रयोगाचं वर्तुळ आखलं तेव्हा धामणवाडी त्यात आली. मी केळुसकरांना त्याच दिवशी सांगितलं, की तिथं माझी बहीण आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चिठ्ठी संगणक काढतो. तू फक्त वाचतेस. वाचून गप्प राहणं जमेल?"

"जमेल."

"मग राहा. गप्प राहणारं माणूस मला दुसरं मिळणार नाही."

वर्तुळातल्या गावांची संमती घ्यायची होती. धामणवाडीच्या ग्रामसभेला मी स्वतः गेले. मारुतीच्या देवळापुढं सतरंज्या अंथरल्या होत्या. मी कोऱ्या फेऱ्याचं सांगितलं आणि कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे विमान येणार, धूर सोडणार, आणि आत काहीच नाही?" अंकुश म्हणाला. तो ताईचा बांधाशेजारी. बोलायला मोठा, मदतीला त्याहून मोठा. "ही तर लग्नातली रिकामी पाकिटं झाली राव!"

सगळे हसले. मीही हसले. मग मी आकडेशास्त्रातलं काहीतरी समजावू लागले आणि माझ्याच लक्षात आलं, की कुणी ऐकत नाही.

तेव्हा बायकांमधून ताई उठली.

"नवीन खत आलं की आपण काय करतो?" ती म्हणाली. "एका ओळीला टाकतो, शेजारच्या ओळीला टाकत नाही. नाहीतर कळायचं कसं, झाड खतानं वाढलं का पावसानं? तसंच आहे हे. कोऱ्या ओळीनं रुसून कसं चालंल?"

"आणि कोरी ओळ आपली निघाली तर, वहिनी?" अंकुशनं विचारलं.

"निघाली तर निघाली. कोणाची तरी निघणारच."

तिनं हात वर केला. मग बाकीच्यांनी केला. सरपंचांनी ठराव झाल्याचं सांगितलं आणि भेळ वाटली. परतताना मला खूप बरं वाटत होतं. संमती म्हणजे काय असतं यावर आम्ही संस्थेत बैठकांवर बैठका घेतल्या होत्या, आणि ताईनं ते चार वाक्यांत करून दाखवलं होतं.

*

धामणवाडीवर ढग आला तो त्या रविवारानंतर लवकरच. दुपारची वेळ होती. रडारच्या पडद्यावर आधी फिकट हिरवा ठिपका आला, त्याच्या मध्यभागी पिवळं आलं. तळ सपाट, वर उसळणारी हवा चांगली. इतका नीटस ढग त्या हंगामात आम्हाला मिळाला नव्हता.

"हाच घ्यायचा," केळुसकर म्हणाले. मग त्यांनी खालचं गाव पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "घ्यायचा ना?"

"निकषात बसतो, सर."

विमान उडालं. मी कळ दाबली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी उमटली.

कोरा.

मी वैमानिकाला म्हणाले, "डावा." त्यानं पुन्हा उच्चारलं, "डावा," आणि थोड्या वेळानं सांगितलं, की नळकांड्या व्यवस्थित पेटल्या, धूर छान वर चाललाय.

कोऱ्या ढगातूनही पाऊस पडतो. बऱ्याचदा पडतो; म्हणूनच तर कोरे फेरे लागतात. हे मी त्या तासात किती वेळा स्वतःला सांगितलं ते आठवत नाही. पडद्यावर पिवळ्याच्या आत नारिंगी आलं. ते वाढावं म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले, जणू माझ्या बघण्यानं ते वाढणार होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा.

"मंदे, आलं गं विमान! डोक्यावरून गेलं. धूर बघितला आम्ही, पांढरा, असा दोरीसारखा." तिच्या मागं बरेच आवाज होते. "फोन स्पीकरवर आहे बरं का. सगळे इथंच आहेत बांधावर. अंकुश आहे, त्याची बायको, गाडेकरांच्या सुना, सगळे."

"नमस्कार मॅडम!" अंकुश ओरडला. "नारळ फोडला आम्ही! तुमच्या नावानं!"

"ऐक," ताई म्हणाली. "इथं धूर बघितला आणि सगळ्यांनी पाणी सोडलं. आज ना उद्या पडणारच म्हणून. बारकाली तळी, रिकामीसुद्धा झाली यांची. माझंच तेवढं बंद आहे. तर अंकुश विचारू राहिला, वहिनी, तुमचं काऊन बंद? म्हणलं, थांब, बहिणीलाच विचारते." ती थांबली. "सोडू का मी? दोन्हीकडं?"

या प्रश्नासाठी आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं. ते मीच लिहिलं होतं. खऱ्या फेऱ्याला आणि कोऱ्या फेऱ्याला तेच, शब्दालाही फरक नसलेलं. केळुसकर शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली.

"विमान आलं म्हणून कोणताही निर्णय घेऊ नका," मी म्हणाले. "विमान आलंच नाही असं धरून चाला."

बोलायला मला जरासा वेळ लागला होता. फार नाही. एखादा श्वास.

"काय मॅडम, एकदम सरकारी!" अंकुश हसला. "आलेलं विमान आलं नाही कसं म्हणायचं?"

जरा वेळानं ताईचं हसणं ऐकू आलं. "बघा, पेपरातलं वाक्य वाचून दाखवलं तिनं. लहानपणी धडा वाचायची ना, तस्संच." आणि मग, "धर रे अंकुश हा फोन."

फोन कुणीच बंद केला नाही. त्यातून पावलं ऐकू आली, मग व्हॉल्व्हचं लोखंडी चाक फिरल्याचा आवाज, करकर करत, थांबून, पुन्हा. आधी एक, नंतर दुसरा. मग टाळ्या.

नारिंगी ठिपका अर्धा तास धामणवाडीवर राहिला. मग वारा फिरला. ढग पूर्वेला सरकला, खडकाळ डोंगराच्या पलीकडं गेला, आणि तिथं, जिथं काहीच लावलेलं नाही, भरपूर पडला. धामणवाडीत चार थेंब आले. धूळसुद्धा बसली नाही.

*

पंधरवड्यानं तहसील कचेरीच्या सभागृहात लोकांची बैठक लावावी लागली. वर्तुळातल्या गावांचे लोक आले होते आणि वर्तुळाबाहेरचेही. बाहेरच्यांचं म्हणणं, आमच्याकडं येणारा ढग तुम्ही मधेच पिळून घेता. आतल्यांचं म्हणणं, विमान फिरवून तुम्ही आमचा ढग पुढं पळवला. दोघांनाही उत्तर द्यायला आमच्याकडे एकच वाक्य होतं: अजून सांगता येत नाही.

मंचावर बसलेल्या एका पुढाऱ्यानं माईक घेतला. "मला शास्त्रातलं कळत नाही," तो म्हणाला, "पण कोरे फेरे हा काय प्रकार आहे? तहानेल्या माणसाला रिकामा तांब्या दाखवता? उद्यापासून सगळे फेरे खरे करा."

टाळ्या झाल्या. केळुसकरांनी मला उठायची खूण केली.

"सगळे खरे केले," मी म्हणाले, "तर पडलेला पाऊस आपल्यामुळं पडला की आपोआप, हे कधीच कळणार नाही. कायमचं."

"कळून काय करायचंय, मॅडम? पाडा ना!"

सभागृह हसलं. मी उभीच राहिले. बायकांच्या रांगेत ताई होती. ती मंचाकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं, की तळव्यावर चाकाच्या गंजाचा डाग असावा तसं काहीतरी ती अंगठ्यानं चोळतेय.

मग अंकुश उठला. त्याची बाग एव्हाना गेलेली होती. तो हसत नव्हता.

"बाकीचं राहू द्या. एक सांगा. धामणवाडीचा फेरा खरा होता, का कोरा?"

"हंगाम संपेपर्यंत सांगता येत नाही," मी म्हणाले. "ग्रामसभेत ठरलं होतं."

मागून आरडाओरडा झाला. कोणीतरी म्हणालं, चला यांच्या तळावर, रडारच उपटून आणू. खुर्च्या सरकल्या. दाराशी उभा असलेला पोलीस आत आला. तेव्हा अंकुशनंच हात वर केला.

"थांबा, थांबा. फेरा खराच होता," तो लोकांकडे वळून म्हणाला. "द्वारकावहिनीनं पाणी सोडलं ना त्या दिवशी, सगळ्यांसमोर? दोन्ही बागांना. मॅडमची सख्खी बहीण आहे ती. फोन लावून विचारलं आणि मग सोडलं. कोरा असता तर सोडलं असतं का? आपलं नशीबच फुटकं, त्याला मीठ काय करणार?"

माणसं हळूहळू बसली. ताईनं मान वर केली नाही. प्रयोग त्या हंगामापुरता वाचला.

पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते. हंगाम संपला, चिठ्ठ्या उघडल्या, शोधनिबंध छापला. खऱ्या आणि कोऱ्या ढगांत फरक होता, पण इतका लहान, की तो योगायोग नाही असं म्हणता येत नव्हतं. आणखी दोन हंगाम मिळाले असते तर म्हणता आलं असतं, असं किंवा तसं. पुढच्या वर्षी प्रयोगाची सरकारी योजना झाली. योजनेत कोरे फेरे नव्हते. विमान सगळ्या ढगांखाली धूर सोडत फिरलं, पाऊस बरा झाला, आणि श्रेय ज्याला हवं त्यानं घेतलं. निबंधातल्या आलेखात खरे ढग भरीव ठिपक्यांनी दाखवलेत आणि कोरे पोकळ वर्तुळांनी. धामणवाडीचं वर्तुळ उजवीकडे, जरा खाली आहे. मला ते न शोधता सापडतं.

*

सप्टेंबर लागला तेव्हा तात्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "उद्या जेसीबी येणार आहे. तू येऊन जा."

मी पोचले तेव्हा जेसीबी फाटकाशी उभा होता. तो चालवणारे रहीमभाई बाजेच्या कडेला बसून तात्यांबरोबर पाणी पीत होते. त्या महिन्यात त्या पट्ट्यातल्या बागा तेच काढत होते आणि कुणाच्याच घरी ते चहा घेत नव्हते, असं तात्या नंतर म्हणाले.

"ताई कुठंय?"

तात्यांनी वर बोट दाखवलं.

ती वरच्या बागेत, ओळीच्या टोकाला बसली होती. पानं झाडांवरच वाळली होती. एक तोडून हातात घेतलं तर ते होडीच्या आकारातच चुरलं. खालच्या बागेचंही तेच. ज्या पाण्यात एक जगली असती, ते त्या दुपारी दोन्हींत वाटलं गेलं होतं. नंतर टँकरनं आणलेलं पाणी जनावरांना आणि घराला पुरलं, तेवढंच.

मी तिच्याशेजारी बसले. 

"तू सोडायला नको होतंस पाणी," मी म्हणाले. "मी सांगितलं होतं, विमान आलंच नाही असं धर."

"तू ते सगळ्यांनाच सांगतीस."

"तरी."

"मला कळलं होतं, मंदे."

"काय?"

"कोरा आहे ते."

मी तोंड उघडलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बोलू नको. हंगाम संपला नाही अजून तुझा." ती समोरच्या झाडाकडे बघत होती. "तू दहा वर्षांची असल्यापासून मी तुला ऐकते. चांगलं सांगायचं असलं की तुला दम निघत नाही. शाळेचा निकाल तू फाटकातून ओरडत सांगायचीस. आणि वाईट असलं की आधी गिळायचीस, मग बोलायचीस. तुझे दाजी दवाखान्यात वारले तेव्हा तूच फोन केला होतास. असंच गिळलं होतंस."

खाली रहीमभाईंनी इंजिन सुरू करून बघितलं. बंद केलं.

"मग का सोडलंस?" मी विचारलं. "कळलं होतं तर का, ताई?"

"सगळे बघू राहिले होते ना. यांची तळी रिकामी झालेली. त्यात मी तुला विचारलं, आणि विचारून माझा व्हॉल्व्ह बंद ठेवला असता, तर त्यांना काय कळायचं राहिलं असतं? तिथून थेट तुझ्याकडं आले असते. त्या दिवशी कचेरीत बघितलं ना तू." ती जरा थांबली. "तुला मी विचारायलाच नको होतं. अंकुश मागं लागला, आणि मलाही हौस, बहीण विमान उडवती म्हणून चारचौघांत फोन लावायची."

"मी उडवत नाही, ताई. मी फक्त..."

"माहीत आहे." ती पुसटशी हसली. "आणि सभेत मी हात वर केला होता. कोरी ओळ निघाली तर निघाली, असं म्हणले होते, मोठ्यानं. खरं सांगू? मला वाटलं होतं, ती दुसऱ्या कोणाची निघंल. सगळ्यांनाच तसं वाटलं असंल, म्हणून तर भराभर हात वर झाले. पण वर तर केला होता ना."

मी रडत होते. तिनं पदर माझ्या हातात दिला, लहानपणी द्यायची तसा, आणि स्वतः मात्र कोरड्या डोळ्यांनी ओळीकडे बघत राहिली.

"मग?" तिनं विचारलं. "कळलं का शेवटी? पडतो का मिठानं?"

"अजून नाही."

"कळलं की मला सांग. आधी मला."

तात्या काठी टेकत अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. त्यांच्यामागून रहीमभाई आले आणि बांधाच्या पलीकडेच थांबले. त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता.

"बाई, ऊन चढू राहिलं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कोणती घेऊ?"

त्यांना ठाऊक नव्हतं, की हाच प्रश्न या घरात सगळ्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात विचारला गेलाय. तात्यांनी तोंड फिरवलं. ताई उठली. पातळाला चिकटलेला पाचोळा तिनं झटकला, ओळीच्या टोकाला, मी चौथीत असताना जिथं उभी राहायचे बरोबर तिथं, जाऊन उभी राहिली आणि एक डोळा मिटून शेवटच्या झाडापर्यंत बघितलं.

"सरळ आहेत गं अजून," ती मला म्हणाली.

मग ती रहीमभाईंकडे वळली.

"दोन्ही," ती म्हणाली. "वरच्यापासून सुरू करा."